हात मोजा

मला लहानपणापासून चारचौघांत बोलायची भीती वाटते. शाळेत पंधरा ऑगस्टच्या भाषणासाठी बाईंनी मला उभं केलं की त्या दिवशी मला ताप भरायचा, आणि तो खरा असायचा. आई कपाळाला हात लावून बघायची आणि निमूट घरी ठेवायची. त्यामुळे माझाच आवाज एक दिवस वाड्यावाड्यांतून फिरेल आणि त्या आवाजापायी पोलीस माझी चौकशी करतील, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर आमच्या घरात सगळे हसले असते.

मी रत्नागिरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. शहरात एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायचे. माझं गाव लांज्याच्या अलीकडे, हायवेवरच्या फाट्यावरून आत गेलं की सड्याच्या पायथ्याशी. सडा म्हणजे आमच्या वाडीच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं मोकळं पठार. आई लांज्याला काजूच्या कारखान्यात गर निवडायला जायची. बाबा मुंबईला एका खासगी ऑफिसात शिपाई, घरी यायचे ते गणपतीला आणि शिमग्याला. त्यामुळे माझं नाव शाळेत घालण्यापासून कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळं काकांनी केलं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांचा छोटा टेम्पो होता. हंगामात आंब्याच्या पेट्या, एरवी चिरे नाहीतर वाळू. त्यांच्या टेम्पोत पुढे बसून मी पहिल्यांदा रत्नागिरी पाहिली.

मैत्रीण खाडीकाठची, मासेमारीच्या घरातली. लागोपाठच्या वादळांत त्यांची जाळी ठेवायची खोपी समुद्राने नेली होती, आणि आता उधाणाला पाणी तिच्या मागच्या पडवीपर्यंत येतं असं ती सांगायची. सांगताना तिचा आवाज कधी कापायचा नाही. ती कुणाशीही बोलू शकायची, तलाठ्याशी, पत्रकाराशी, बसच्या कंडक्टरशी. तिच्याचमुळे मी गावोगावच्या प्रकल्पांवर काम करणाऱ्या मुलांच्या एका गटात गेले. पाच-सहा जण होतो आम्ही, सगळे वेगवेगळ्या कॉलेजांतले. आमच्या सड्यावर एक रासायनिक कारखाना येणार होता आणि त्याची जेटी मैत्रिणीच्या गावच्या किनाऱ्यावर. सड्यावर माणसं येऊन कातळावर पांढऱ्या रंगाच्या खुणा करून गेली होती. वर ड्रोन फिरलं तेव्हा गुरं बिथरून खाली वाडीत धावत आली. गावाला यातलं कुणी काही विचारलं नव्हतं.

एका रविवारी आम्ही भाट्याच्या सुरूबनात बसून त्या प्रकल्पाचा अहवाल वाचला. मूळ इंग्रजीत होता, जाडजूड. सोबत मराठीत चार पानांचा सारांश, तोही सरकारी मराठीत. त्यात आमच्या सड्याबद्दल एकच वाक्य होतं: सदर क्षेत्र ओसाड व पोटखराब आहे. पोटखराब म्हणजे लागवडीला निरुपयोगी. मी त्याच सड्यावरच्या पावसाळी वनस्पतींवर कॉलेजचा प्रकल्प करत होते. वाक्य वाचून आधी हसू आलं, मग कानशिलं तापली. मी मैत्रिणीला भराभर सांगत सुटले, की ओसाड काय, पावसात तिथे किती तऱ्हेची फुलं येतात, कातळाच्या खळग्यांत साठलेलं पाणी मुरत मुरत खाली येतं आणि तेच मार्चपर्यंत आमच्या झऱ्याला असतं. तो दगड गेला तर वाडी टँकरवर येईल. आधीच पावसाचा भरवसा राहिलेला नाही, अवकाळीने मोहोर काळा पडतो, आणि त्यात आहे ते पाणीही घालवायचं.

ती म्हणाली, हेच फोनमध्ये बोल, गावात बोलतेस तसं. मला जमेना. शेवटी तिने सगळ्यांना पाठ करून बसवलं. सगळ्यांच्या पाठी आणि समोर समुद्र, अशी मी एका सुरूला टेकून बोलले. "आपला सडा वसाड हाय म्हनतात. मग आपली गुरं चरतात खय, नि पानी येता खयसून? एकदा इचारा तरी त्यांना." असंच काहीतरी, दीड-दोन मिनिटं. नाव सांगितलं नाही.

ती क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून आमच्या गावात गेली, तिथून शेजारच्या गावांत, आणि मग मुंबईला चाकरमान्यांच्या ग्रुपांवर. लोकांनी आणखी मागितल्या. जनसुनावणी म्हणजे काय, ग्रामसभेचा ठराव कसा होतो, हरकत कुठे द्यायची, हे सगळं मी आमच्या बोलीत सांगत गेले. दर वेळी सगळ्यांना पाठ करून बसायला लावायचे. लोक त्या आवाजाला 'सड्यावरची बाय' म्हणायला लागले. माझा चेहरा कुणाला माहीत नव्हता आणि त्यामुळे मला फार सुरक्षित वाटत होतं. ते काही आठवडे मी खरोखर आनंदात होते.

मग एका दुपारी काका कॉलेजच्या फाटकाशी उभे दिसले. टेम्पो रस्त्याच्या पलीकडे लावला होता. ते असे न सांगता कधी येत नसत, म्हणून मला वाटलं आईला काही झालं. त्यांनी मला समोरच्या हॉटेलात नेलं आणि चहा मागवला. मग सांगितलं, की लांज्याच्या स्टँडवर चहाच्या टपरीत कुणीतरी मोबाइल मोठ्याने लावला होता. ते पैसे देऊन निघाले होते, ते तिथेच थांबले.

"तो आवाज तुझाच ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी कपातला चहा बशीत ओतला आणि बशी तशीच टेबलावर ठेवली. कारखाना यावा असं त्यांना मनापासून वाटत होतं, हे मला माहीत होतं. त्यांचा मुलगा आयटीआय करून घरी बसला होता आणि मुंबईला भावाच्या वळकटीशेजारी आणखी एक वळकटी पसरायची त्यांची इच्छा नव्हती. गावातली आणखी काही घरं याच मताची होती आणि त्यांची कारणंही हीच. त्यामुळे काका मला रागावतील याची मी तयारी केली होती. ते रागावले नाहीत. मी तुझा आवाज ओळखला तसा आणखी कुणीतरी ओळखेल, एवढंच ते पुनःपुन्हा म्हणत राहिले. टपरीत त्यांच्या शेजारी बसलेला एक अनोळखी माणूस ती क्लिप स्वतःच्या फोनवर मागून घेत होता. त्याने विचारलं होतं, ही पोरगी कुठल्या गावची.

त्या दिवसापासून मी रस्त्यात फोनवर बोलणं बंद केलं. रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही दबक्या आवाजात सांगायचे. दुकानात वस्तूकडे बोट दाखवायचे. एका मोटरसायकलवरचे दोघे आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन-तीनदा दिसले. त्यांचा आमच्याशी काही संबंध होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या वेळी दिसेल तो माणूस माझ्यासाठी आलेला वाटायचा. घरमालकीणबाईंकडे कुणीतरी आमची चौकशी करून गेलं, तेव्हा त्यांनी आम्हाला जिन्यात गाठून महिनाअखेर खोली सोडाल का, असं विचारलं. त्या वाईट नव्हत्या. बोलताना त्या सारख्या खालच्या दाराकडे बघत होत्या.

बाबांचा फोन आला तो कामाच्या वेळेत. एरवी ते रविवारी सकाळी फोन करत. ऑफिसातल्या मॅनेजरने त्यांना बोलावून विचारलं होतं, तुमची मुलगी रत्नागिरीला काय करते? मॅनेजरला कुणी सांगितलं ते बाबांना कळलं नव्हतं. मागे गाड्यांचे आवाज येत होते, ते बहुधा खाली रस्त्यावर येऊन बोलत होते.

"तू खोटं काहीच बोललेली नाहीस," ते म्हणाले. "मी सगळ्या ऐकल्या. पण आता थांब, बाय."

मी हो म्हटलं. मी खरंच थांबणार होते. मैत्रिणीलाही तसं सांगितलं, आणि ती म्हणाली, थांब, त्यात काही नाही. तिने एका शब्दानेही आग्रह केला नाही.

पण थांबल्याने सुटका होत नाही हे दोनच दिवसांनी कळलं. आम्हा दोघींना पोलीस ठाण्यात बोलावलं. मी आधी कधी ठाण्याची पायरी चढले नव्हते. समोरचे साहेब आवाज चढवतील, टेबलावर हात आपटतील, अशी कल्पना मी करून गेले होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पंखा आमच्याकडे वळवायला सांगितला आणि पाणी मागवलं. मग स्वतःचा फोन टेबलावर ठेवून क्लिप सुरू केली. माझाच आवाज त्या खोलीत सुरू झाला. दारातला हवालदार, कोपऱ्यातला टायपिंग करणारा, सगळे ऐकत होते. क्लिप पूर्ण होईपर्यंत साहेबांनी थांबवली नाही.

"आवाज गोड आहे तुमचा," ते म्हणाले.

मग त्यांनी अगदी शांतपणे समजावलं, घरातला मोठा माणूस समजावतो तसं. उद्या सरकारी नोकरी लागली तर पोलिसांची पडताळणी येते. पासपोर्टला येते. एकदा नाव कागदावर आलं की ते निघत नाही. वडील मुंबईला नोकरीला आहेत ना, आई एकटीच असते ना घरी? आई कुठल्या बसने लांज्याला जाते हेही त्यांना माहीत होतं. ते त्यांनी सहज बोलण्याच्या ओघात सांगितलं. मैत्रीण त्यांना मध्येच विचारत होती, आमच्याविरुद्ध तक्रार काय आहे, कलम कोणतं आहे. ते तिच्याकडे बघून हसले आणि पुन्हा माझ्याशी बोलू लागले. घाबरलेलं कोण ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सही करायला पुढच्या आठवड्यात या, असं सांगून त्यांनी आम्हाला दारापर्यंत पोचवलं.

बाहेर आल्यावर मला उलटी झाली. मैत्रिणीने माझे केस धरले. तिचे हात बर्फासारखे गार होते, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तीही घाबरते. तिला विचारलं तर ती म्हणाली, मी तर पहिल्या दिवसापासून घाबरतेय, मला वाटलं तुला माहीत आहे.

त्याच आठवड्यात आमच्या गावची ग्रामसभा लागली. जमीन प्रकल्पाला द्यायला गावाची संमती आहे, असा ठराव तीत यायचा होता. आईने फोनवर सांगितलं, घरोघरी माणसं येऊन जातायत, विरोध केलात तर पोरांच्या नोकऱ्या जातील, सरकारी योजना बंद होतील, असं सांगतायत. वाडीतल्या बायका म्हणतात आम्ही काय बोलणार. मग आई म्हणाली, तू येऊ नकोस. माझं नाव गावच्या मतदार यादीत होतं. ग्रामसभेत बसायचा मला हक्क होता, हे मीच क्लिपमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. जाऊ नये असं वाटण्याची कारणं माझ्याकडे भरपूर होती आणि जावं यासाठी फक्त हे एक. मी रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. सकाळी अंघोळ करून स्टँडवर गेले, आणि मैत्रीण न विचारता माझ्याबरोबर आली.

आम्ही ठरवलं होतं, बसमध्ये वेगवेगळं बसायचं, आणि एकीला उतरवलं तर दुसरीने पुढे जायचं. ती पुढे ड्रायव्हरच्या मागे, मी मागच्या बाजूला. माझ्या शेजारी एक म्हातारी होती, डोळे तपासून घरी निघालेली, डोळ्याला हिरवी पट्टी. आमची ओळखदेख नव्हती. हातखंबा सोडल्यावर तिने मला पिशवीतला चिवडा दिला. मी नको म्हणण्यासाठी नुसती मान हलवली.

आमच्या फाट्याच्या अलीकडे पोलिसांनी बस थांबवली. भागात जमावबंदी लावली होती. एक हवालदार आणि एक महिला पोलीस वर चढले. कुठे जाणार, कोणाकडे, असं एकेकाला विचारत मागे यायला लागले. मैत्रिणीला त्यांनी दुसऱ्याच मिनिटाला ओळखलं. पेपरात तिचा फोटो येऊन गेला होता. ती उठली, ओढणी नीट केली आणि मागे न बघता खाली उतरली. खिडकीतून मला तिचा डोक्याचा मागचा भाग आणि जीपचं उघडं दार दिसलं.

महिला पोलीस माझ्या सीटपाशी आली तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की मी तोंड उघडलं तर संपलं. तिने विचारलं, कुठे जायचंय? मी तिच्याकडे बघत राहिले. तिने पुन्हा विचारलं, जरा जोरात.

"मुकी हाय गो ती," शेजारची म्हातारी म्हणाली. "माजी नात. डोळं दाकवाय नेलान हिनं मला. आता एका डोळ्यानं मी नि बिनतोंडाची ही, चाललाव आपली घराक."

महिला पोलिसाने माझ्याकडे, मग त्या हिरव्या पट्टीकडे पाहिलं आणि पुढे गेली. बस सुटल्यावरही म्हातारी माझ्याकडे वळली नाही. तिने मला ओळखलं होतं की नुसतं माझं तोंड बघून तिला दया आली, हे मी तिला विचारू शकले नाही. मी उतरताना तिने पाय बाजूला घेतले, एवढंच.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. मंडप घातला होता, पुढे टेबल, टेबलामागे सरपंच आणि ग्रामसेवक, बाजूला प्रकल्पाची दोन माणसं चांगल्या कपड्यांतली. कडेला पोलीस, आणि त्यांच्यातला एक जण व्हिडिओ काढत होता. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. मी जाऊन आईच्या मागे बसले. आईने मागे वळून बघितलं आणि हात मागे करून माझा घोटा घट्ट धरला. तिच्या शेजारी काकू होती, काकांची बायको. काका पुरुषांच्यात दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली.

प्रकल्पाचा माणूस बराच वेळ बोलला. रस्ता होईल, दवाखाना होईल, शाळेला कुंपण होईल. झऱ्याचं काय असं एका म्हाताऱ्याने विचारलं, तर तज्ज्ञांनी सगळं तपासलंय असं उत्तर आलं. मग सगळे गप्प. साडेतीन वाड्यांचं गाव, एवढं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. कॅमेरा हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता, आणि तो ज्याच्यावर येईल तो माणूस पायाकडे बघायला लागायचा. सरपंच उठले. ते आमच्याच भावकीतले, लहानपणी त्यांनी मला सायकलवर बसवून बाजाराला नेलं होतं. त्यांनाही घाम फुटला होता. ते म्हणाले, कुणाची हरकत दिसत नाही, तर ठराव सर्वानुमते मंजूर असं लिहून घेऊ. ग्रामसेवकाने पेन उघडलं.

मी उभी कशी राहिले मला आठवत नाही. उभी राहिल्यावर सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले आणि इथे कुणाला पाठ करून बसायला सांगता येणार नव्हतं. मला पुष्कळ बोलायचं होतं. झरा, पाऊस, अहवालातलं ते वाक्य, कायदा, सगळं पाठ होतं. त्यातलं काही आलं नाही.

"हात मोजा," मी म्हटलं.

सरपंचांना ऐकू गेलं नाही. काय, असं त्यांनी विचारलं.

"हात मोजा. सर्वानुमते लिहू नका. हात वर करायला सांगा आणि मोजा."

पटांगणात कुजबुज झाली. आवाज सगळ्यांनी ओळखला. पुरुषांच्यातून कुणीतरी म्हणालं, ही आपल्याकडचीच होय. कॅमेरा माझ्यावर येऊन थांबला. मी बाजूचा मंडपाचा बांबू धरला. प्रकल्पाच्या माणसाने सरपंचांच्या कानात काहीतरी सांगितलं. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं, मग ग्रामसेवकाकडे. ग्रामसेवक नुकताच नोकरीला लागलेला होता. तो खाली बघूनच म्हणाला, मागणी झाली तर मोजावे लागतात, साहेब.

मग सरपंचांनी विचारलं, ठरावाच्या विरोधात कोण?

दुसरा एकही हात वर आला नाही. माझा एकटीचा होता, तो धरून मी उभी होते आणि मनात म्हणत होते, आता संपलं, आता हे माझं एकटीचं नाव लिहितील. आईने माझा घोटा सोडला नव्हता. तिचा दुसरा हात मांडीवर मुठीत होता. तेवढ्यात काकूने डोक्यावरचा पदर सारखा करायला हात वर नेला, आणि पदर सारखा करून झाल्यावर तो खाली आणला नाही. आधी मला ते कळलंच नाही. तिने तो आणखी वर नेला, कोपर सरळ होईपर्यंत. तिची नजर समोर होती, पुरुषांच्या बाजूला तिने पाहिलं नाही. मग आईचा हात आला. मग मागून, बाजूने, एकेक करत बायकांचे हात यायला लागले, बांगड्यांचा आवाज होत होता. पुरुषांच्यात तो झरा विचारणारा म्हातारा, मग मुंबईहून मुद्दाम आलेले काही, मग इतर. काहींनी हात वर केला आणि दुसऱ्या हाताने तोंड झाकलं, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून.

ग्रामसेवक बोटाने मोजत होता. मध्येच त्याचा आकडा चुकला आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दुसऱ्या मोजणीची मला सगळ्यांत जास्त भीती वाटली, की तोवर हात खाली येतील. काही आले. बरेचसे राहिले. मग ठरावाच्या बाजूचे हात मोजले, ते कमी भरले. ठराव नामंजूर झाला आणि तसं लिहिलं गेलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोक भराभर उठून घराकडे निघाले, जणू तिथे थांबणंही धोक्याचं होतं.

मला मंडपाच्या दाराशीच थांबवलं. बंदोबस्तावरचे पोलीस साहेब म्हणाले, दोन मिनिटं ठाण्यात या. आईचा चेहरा राखेसारखा झाला. मी काही बोलायच्या आत काका पुढे आले. मी तिच्याबरोबर येतो, ते म्हणाले. जीपमध्ये त्यांना घेतलं नाही, तर ते टेम्पो घेऊन मागोमाग आले. आरशात मला त्यांचा टेम्पो दिसत होता. वळणावर तो दिसेनासा झाला की परत दिसेपर्यंत मी आरशावरून नजर काढायचे नाही.

ठाण्यात मैत्रीण सकाळपासून बाकावर बसलेली होती. तिला पाणीसुद्धा मागून घ्यावं लागलं होतं. आम्हाला एकमेकींशी बोलू दिलं नाही. जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आम्हा दोघींवर दाखल झाला, बोटांचे ठसे घेतले, आणि संध्याकाळी जामिनावर सोडलं. जामीन काका राहिले, दोघींनाही. तोवर सगळा वेळ ते समोरच्या वडाखाली बसून होते असं नंतर हवालदाराने सांगितलं. चहालासुद्धा उठले नव्हते.

परत येताना आम्ही तिघं पुढेच बसलो. मैत्रिणीला तिच्या घरी सोडलं. मग दोघंच राहिल्यावर काका बोलले. रस्त्यावरची नजर न काढता.

"मी हात वर केला नाही," ते म्हणाले. "तुझ्या बाजूनं नाय नि त्यांच्या बाजूनंही नाय. मला तो कारखाना अजून हवाय. खोटं कशाला सांगू."

मी खिडकीची काच खाली केली.

"पन तुला जीपमदे घातलानी ना, तवा माजे पाय गेले. टेम्पोचा क्लच दाबवेना. ज्यांना आपली पोर असं उचलून न्यावी लागते, ते आपल्याला धड नोकरी काय देतील, असं वाटलं." थोड्या वेळाने त्यांनी पुढे म्हटलं, "काकूशी आता काय बोलू, ते कळत नाय."

त्या दोघांत पुढचे काही महिने फारसं बोलणं नव्हतं. ती जेवण वाढायची, ते जेवायचे. पुढे चुलतभावाला रत्नागिरीत गॅरेजमध्ये काम मिळालं, आणि घर हळूहळू पुन्हा बोलतं झालं.

हे सगळं होऊन आता काही वर्षं झाली. ग्रामसभेच्या ठरावाने कारखाना रद्द झाला, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. सड्यावरची मोजणी थांबली, कंपनीची माणसं यायची बंद झाली, आणि शेजारच्या तालुक्यात तसंच काहीतरी सुरू झाल्याचं कानावर येतं. रद्द झाल्याचं कागदावर कुणी दिलेलं नाही. आमचा खटला चालू आहे. तारखेला मैत्रीण आणि मी कोर्टाच्या व्हरांड्यात भेटतो, आणि बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परततो. सरकारी संशोधन केंद्रात एक जागा निघाली होती, तिथे माझी निवड झाली आणि पोलीस पडताळणीत अडकली. पहिल्या चौकशीत साहेबांनी सांगितलं होतं तसंच झालं. सध्या मी एका खासगी रोपवाटिकेत काम करते. बाबांची नोकरी टिकली, पण मॅनेजर त्यांच्याशी पूर्वीसारखा बोलत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी वेळणेश्वरकडच्या दोन मुली मला भेटायला रोपवाटिकेत आल्या. कॉलेजातल्याच. त्यांच्याकडे खाडीत भराव टाकण्याचं काहीतरी निघालं होतं आणि त्यांना सुनावणीत बोलायचं होतं. त्यांनी बरंच काही विचारलं, माहिती अधिकाराचा अर्ज, वकील, पत्रकार. जाताना त्यातल्या धाकटीने विचारलं, ताई, तुमची भीती कधी गेली?

मी तिला सांगितलं की गेली नाही. अजूनही दारावर अनोळखी थाप पडली की माझ्या हातातलं काम थांबतं. तिला ते ऐकून धीर आला की उलट झालं, तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मग मी एवढंच सांगितलं, की त्या दिवशी काहीतरी खाऊन जा, रिकाम्या पोटी पाय जास्त कापतात, आणि एकटीने जाऊ नका. त्या दोघी एसटीला गेल्या. मी त्यांची बस सुटेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहिले, कुणी त्यांच्या मागावर आहे का ते बघत.